जाताना पंधरा, येताना साडेबारा

मूर्तिजापूरच्या पेट्रोल पंपावर शनिवारी भरदुपारी दीक्षा आपल्या फियाटला कमरेनं धक्के देत होती.

हलकेच, लयीत. एक धक्का... गाडी डुलायची, टाकीत बुडबुडा गुडगुडायचा आणि पेट्रोल बोटभर खाली जायचं. मग ती पंपावरच्या माणसाला म्हणायची, "आता थोडं अजून."

मागे मोटारसायकलवर एक तरुण बराच वेळ थांबला होता. हेल्मेट पुढ्यात ठेवून, त्यावर हनुवटी टेकवून तो हा सगळा प्रकार पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मॅडम, गाडीले पेट्रोल पाजून राहिल्या का थोपटून निजवून राहिल्या?"

दीक्षानं वळून पाहिलं. सावळा चेहरा, बोटांवर ऑईलचे डाग, आणि डोळ्यांत इतकं उघड हसू, की रागवायला सुरुवात कुठून करावी तेच तिला सुचेना.

"टाकीतली हवा काढतेय," ती म्हणाली. "दर वेळी काठोकाठ भरली नाही तर ॲव्हरेज बरोबर निघत नाही."

"अन् निघते किती?"

"...नऊ." तिचा आवाज आपोआप उतरला. घरातल्या मुलाचे मार्क सांगावेत तसा.

त्यानं तिला गाडी पंपाबाहेर, कडुनिंबाखाली घ्यायला सांगितली. बॉनेट उघडून तो इंजिनाचा आवाज ऐकत राहिला, मग नाक पुढे करून वास घेतला.

"कार्बोरेटर जास्त पाजून राहिला हिले. पण ते झालं अर्धं दुखणं. अर्धं तुमच्या पायात आहे."

"माझ्या पायात?"

"पंपापासून झाडापरेंत वीस पावलं, अन् तुमी ॲक्सिलेटर असा दाबला जसं नागपूरले निघाल्या!"

दीक्षाला हसू आवरलं नाही. त्याचं नाव कुंदन. अमरावतीत बडनेरा रोडवर त्याचं मीटर दुरुस्तीचं दुकान होतं. गाड्यांची, ट्रॅक्टरची मीटरं तो उघडायचा, काटे बसवायचा. "दुकानावर या," एवढंच म्हणून तो पेट्रोल भरायला परत गेला.

दीक्षा अकोल्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आठवडाभर तिथल्या खोलीवर राहायची आणि शनिवारी अमरावतीला, वडिलांकडे यायची. देवमनजी पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. फियाट त्यांची. गल्लीतली पहिली मोटार होती ती. आई सहा वर्षांपूर्वी गेली, आणि मागोमाग काचबिंदूनं देवमनजींची नजर चोरत नेली. आता त्यांना समोरचा माणूस आकारापुरता दिसायचा. पण रविवारी सकाळी दीक्षा त्यांना गाडीतून फिरवायची तेव्हा ते खिडकीत कोपर टेकवून, नुसत्या आवाजावरून सांगायचे, "राजकमल चौक आला... आता वडाळीचा चढ."

त्याच देवमनजींनी महिनाभरापूर्वी गाडी विकायचं ठरवलं होतं. एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला उभी करायची होती.

"नऊ देते पोरी. शंभर किलोमीटर यायले अकरा लिटर! तू कुठंवर पाजशील तिले?"

"चालती गाडी बागेतल्या पुतळ्यासारखी उभी करायची, बाबा?"

देवमनजींनी चष्मा काढला होता. मग तो पुसत म्हणाले होते, "सव्वीस जानेवारीपरेंत बाराच्या वर आन. नाई तं मी त्याले हो म्हनतो."

म्हणून तर ते काठोकाठ भरणं, दर वेळचं ॲव्हरेज लिहायची ती वही. पंपावरच्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी दीक्षा बडनेरा रोडवर गेली.

कुंदननं कार्बोरेटर धुतला, त्यातला पेट्रोल सोडणारा जेट बदलला. मग डॅशबोर्डखाली एक छोटं गोल मीटर बसवलं आणि त्याची नळी इंजिनापर्यंत नेली.

"हे व्हॅक्यूमचं मीटर. पाय हलका, तं काटा वर. पाय जड, तं काटा खाली. जेवढा काटा वर, तेवढं पेट्रोल कमी. तुमी फिजिक्सवाल्या, तुमाले काय सांगू?"

"सांगा ना," दीक्षा म्हणाली. "चांगलं सांगता."

कुंदनच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"पन एकट्यानं होनार नाई," तो खालूनच म्हणाला. "तुमी रस्ता पाहाल का काटा? पयल्या वेळी कोनीतरी बाजूले बसावं लागते..."

तो बसला. त्याच रविवारी दुपारी, अमरावतीहून अकोल्याला. दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर आली होती, कापसाच्या शेवटच्या वेचण्या चालल्या होत्या. तो काट्यावर डोळे ठेवून होता.

"हलका... अजून हलका. पायाखाली अंडं आहे समजा."

"फुटलं तर?"

"भुर्जी करू. मूर्तिजापूरले पाव भेटते."

अकोल्यात टाकी भरली. साडेचौदा! दीक्षानं टाळीसाठी हात पुढे केला, त्यानं आपला काळा हात पाहिला, आणि नुसतंच डोकं खाजवलं. मग संध्याकाळच्या रेल्वेनं तो बडनेऱ्याला परतला.

पुढच्या रविवारी काटा थोडा थरथरतोय असं त्याला वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी जेट तपासायला हवा होता. चौथ्या रविवारी कुणी कारण विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. घराच्या फाटकाशी तो यायचा, "जय भीम, काका," म्हणायचा, देवमनजी "जय भीम, बाबू," म्हणत त्याला चहा द्यायला सांगायचे, आणि गाडी निघायची. रस्त्यात तो आईच्या हातच्या तिळाच्या चटणीबद्दल बोलायचा, ती वर्गातल्या गमती सांगायची. बोरगाव मंजू आलं की दोघंही गप्प व्हायचे. तिथून अकोला फार जवळ होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मात्र चहा घेता घेता देवमनजी सहज म्हणाले, "पुढच्या महिन्यात नागपूरचे पाहुने येऊन राहिले दीक्षाले पाहायले. पोरगा इंजिनीअर आहे, बाबू."

कुंदननं कप खाली ठेवला. त्या दिवशी तो गाडीत बसला, पण काट्याकडे त्यानं फारसं पाहिलं नाही. अकोल्यात उतरताना म्हणाला, "आता गाडी सेट झाली, मॅडम. माहं काम नाई राहिलं."

"काम नाही म्हणून यायचं नाही?"

तो हसला. पण ते हसू पंपावरचं नव्हतं. "तुमी प्रोफेसर. मी आयटीआय. मीटर पाहून मले समजते, कुठंवर जायचं ते."

पुढचा रविवार रिकामा गेला. फाटक वाजलं नाही.

पंचवीस तारखेला सकाळी देवमनजी अंगणात उन्हाला बसले आणि म्हणाले, "आन तुही वही. वाचून दाखव."

दीक्षा वाचू लागली. येताना नऊ. जाताना साडेचौदा. येताना साडेबारा. जाताना साडेचौदा. येताना साडेबारा. जाताना पंधरा. येताना बारा-सहा. जाताना पंधरा...

"थांब. रस्ता एक, गाडी एक, पाय एक. मंग येताना साडेबारा अन् जाताना पंधरा काहून?"

"...उतार आहे, बाबा. अकोल्याकडे जाताना."

"शंभर किलोमीटरात साठ मीटरचा उतार!" देवमनजी म्हणाले. "मी ओव्हरसियर होतो, दीक्षा. जमिनीची लेव्हल घेन्यात हयात गेली माही. बरं, मागच्या रविवारी जाताना किती?"

दीक्षानं वहीत पाहिलं. पाहायची गरज नव्हती. "बारा-सात."

"मंग उतार कुठं गेला?"

तिनं वही मिटली. तारेवरचा टॉवेल वाऱ्यानं फडफडत होता. त्या रविवारांना ती पन्नासच्या वर गेलीच नव्हती. ट्रक पुढे जात, ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवत, आणि तिला वाटे, जाऊ देत सगळे... रस्ता तेवढा संपू नये.

"मी गाडी हळू चालवत होते, बाबा," ती म्हणाली. "तो असला की."

देवमनजींनी उन्हाकडे तोंड वळवलं.

"इंजिनीअरच्या बापाले मी नाई म्हनून फोन करतो," ते म्हणाले. "मले वाटलं होतं, तुले चांगलं घर भेटावं. मले डोयानं दिसत नाई, पन तू तं सांगाचं होतं! अन् हॉटेलवाल्यालेही सांगतो, गाडी भेटत नाई म्हना." मग आवाज चढवून, "आता इथं काहून उभी आहेस? जा ना!"

बडनेरा रोडचं दुकान बंद होतं. शेजारच्या टायरवाल्यानं सांगितलं, कुंदन आठ दिवसांपासून गावी आहे, चांदूर रेल्वेला, आईकडे. दीक्षानं गाडी वळवली. त्या दिवशी काटा कुठे होता, हे तिला आजही सांगता येणार नाही.

चांदूरला घराच्या अंगणात तो ट्रॅक्टरवर बसून मीटरचं झाकण काढत होता. एका बाजूला तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. फियाट फाटकाशी थांबली तसा तो खाली उतरला, आणि आधी गाडीकडेच पाहिलं.

"काय झालं? बंद पडली का?"

"नाही."

"मंग?"

"नागपूरला नाही म्हटलंय," दीक्षा म्हणाली. वाटेत तिनं बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता सापडेना. "बाबांना सांगितलंय. आता... तुला सांगायला आले."

"मले?" त्याचा आवाज अगदी लहान झाला. "मी आयटीआय आहो, मॅडम..."

"मी काय नोकरीचा अर्ज घेऊन आली का तुह्याकडे? शिक्षण विचारलं का मी तुले?" रागाच्या भरात तिची कॉलेजातली भाषा गळून पडली. "मले तू पाहिजे. बाजूच्या सीटवर. काम असो का नसो. तुले नसंल यायचं तं तसं सांग, मी जातो."

"नसंल कसं..." तो म्हणाला. मग थांबून, श्वास घेऊन, "आठ दिवस झाले, एकच मीटर तीनदा खोललं मी. सारा वेळ तुयाच इचार येते, दीक्षा."

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. तिनं हात पुढे केला. त्यानं आपला हात पँटला पुसला, उलटा करून पाहिला, पुन्हा पुसला...

"ऑईल आहे ना..."

"असू दे."

त्यानं तिचा हात धरला. घट्ट नाही, अगदी अलगद. दोघंही तसेच उभे राहिले, आणि आता पुढे काय करतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात घराच्या दारातून दुर्गाबाईंचा, त्याच्या आईचा आवाज आला. कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे.

"काबे कुंदन, पोरीले उन्हात काहून उभी ठेवली? घरात आन तिले. भाकर टाकून राहिली मी."