उंदरांचा बाबा

पिंजऱ्यांत दाणे घालून झाले की हेमंत डोर्लीकर संगणकाच्या पडद्यापाशी जाऊन बसे. नागपूरच्या वेशीबाहेरची ती प्रयोगशाळा साथीमुळे बंद होती. पण दम्याचं नवं औषध ज्यांच्यावर तपासलं जात होतं, त्या उंदरांना कोणीतरी खाऊ घालायलाच हवं होतं. हेमंत आपण होऊन आत राहिला. सोबतीला फक्त त्याच्या वरिष्ठ, डॉ. नसीम तांबोळी. बायको, वृंदा, फोनवर त्याला ‘उंदरांचा बाबा’ म्हणून चिडवी.

पडद्यावर त्याच्या लेकीचा, सात वर्षांच्या शाल्मलीचा श्वास उमटे. तिच्या मनगटावरचं श्वासकंकण त्याची नोंद पाठवत असे. हेमंत या कामाला लागला त्याच वर्षी तिला दमा जडला होता. वृंदाने गाद्या बदलल्या, उदबत्ती बंद केली, गॅलरीतली कबुतरं हुसकावली. गुण कशानेच आला नाही. आणि आता टाळेबंदीत पोरगी ठणठणीत!

“गाड्या बंद, शाळा बंद, हवा स्वच्छ,” शाल्मलीचे डॉक्टर फोनवर म्हणाले. हेमंत हरखून गेला.

सुटी मिळताच तो घरी धावला. आधी अंघोळ केली, कपडे बदलले आणि मगच लेकीला उचलून घेतलं. संध्याकाळी तिला धाप लागली. पंप देऊनही उतरेना. नेहमीसारखं त्याने तिला छातीशी धरलं, पाठ चोळली, “माझ्याबरोबर श्वास घे, बाळा,” म्हणत राहिला. तिचे ओठ निळे पडू लागले. रुग्णवाहिकेत साथीच्या नियमाने एकालाच जागा होती, वृंदा बसली. इस्पितळ यायच्या आतच पोरीचा श्वास मोकळा झाला.

“गाड्या बंदच होत्या, शाळाही बंदच,” प्रयोगशाळेत परतल्यावर हेमंत म्हणाला. “मग बदललं काय, मॅडम?”

“तू घरी गेलास,” नसीमबाई म्हणाल्या आणि त्यांनी वायुवेधक पुढे केला. हवेतला कण न् कण ओळखणारं ते यंत्र. “यात फुंकर मार.”

यंत्रावर उमटलेलं नाव दोघांनीच ठेवलेलं होतं: दमक.

“हे तर आपल्या उंदरांतलं प्रथिन!”

“हो. उंदरांना आपणहून दमा होत नाही, म्हणून आपण एक वाहक विषाणू घडवला. तो त्यांच्या फुप्फुसांना दमक बनवायला शिकवतो.”

“पण तो माणसात रुजत नाही.”

“असं आपण धरून चाललो होतो. माणसातून माणसात पसरत नाही, एवढंच नशीब. पण रोज उंदरांजवळ असणाऱ्यांत तो रुजला. तुझ्या शरीराला दमक आपलंच वाटतं, म्हणून तुला त्रास नाही. तिच्या शरीराला ते परकं. ते तुझ्या कपड्यांत नाही हेमंत, तुझ्या उच्छ्वासात आहे.” मग हळूच म्हणाल्या, “माझ्याही आहे. माझ्या घरी कोणी नाही, म्हणून कळलं नाही.”

“मी आजच नोकरी सोडतो.”

“सोडून काय होणार? तुझ्या जुन्या पेशी मरतात, त्या नव्यांना दमक बनवायला शिकवूनच जातात.”

“यावर औषध?”

“आपल्याकडे तर नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गाद्या, उदबत्त्या, बिचारी कबुतरं. आणि दर वेळी धाप लागली की तो तिला आणखी घट्ट धरत आला होता. हेमंत पिंजऱ्यांसमोर बसून ढसाढसा रडला.

टाळेबंदी उठली. रस्ते धुराने भरले, शाळा सुरू झाली. शाल्मली मैदानात धावू लागली, तरी तिचा श्वास संथच राहिला.

“बाबा, सगळ्यांचे बाबा घरी आले,” एकदा ती पडद्यावरून म्हणाली. “तू कधी येतोस?”

हेमंतने वृंदाकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिने तोंड फिरवलं.

“मग उंदरांना कोण बघणार?”

“काय करून राहिले ते?”

“त्यांना दम लागतो गं. तुझ्यासारखाच.”

शाल्मली पडद्याजवळ सरकली.

“मग नको येऊ,” ती म्हणाली. “दम लागला ना, की बाबाने जवळ घ्यावं लागते.”