कोरडी विहीर

"…आणि त्या कोरड्या विहिरीच्या काठावर बसून मी ठरवलं की—"

राजनंदिनी अडखळली. फोनवर वाशिमहून बाबा ऐकत होते. ॲडमिशनच्या निबंधात माझ्याबद्दल काय लिहिलं ते मराठीत सांग, असा हट्टच धरला होता त्यांनी.

"—माझ्या खचलेल्या बापाचं नाव मोठं करायचं," चहाच्या टपरीवरच्या शेजारच्या बाकावरून कुणीतरी वाक्य पुरं केलं.

"बाबा, नंतर करते." तिने फोन कापला आणि चहाचा ग्लास आपटला. "तुम्हाला हो कसं माहीत?"

त्या चष्मेवाल्याचं बिस्कीट चहात बुडालं. "मीच लिहिलंय. वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये निबंध दुरुस्त करतो. सलिल. विदर्भ आला की विहीर, कोकण आलं की वादळ… ठरलेलं आहे."

"माह्या घरी विहीरच नाही! बाबांचा बँड आहे लग्नाचा. खचलेले म्हणे! वरातीत नवरदेवापेक्षा तेच जास्त नाचतात!"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? तुमच्या क्लासने फक्त जिल्हा विचारला."

जिल्हा ऐकून माणसाचं दुःख ठरवणारी एक जमात असते. अशी माणसं पकडली गेली की चष्मा पुसतात. सलिलही पुसू लागला.

"संध्याकाळी पोर्टल बंद होतंय," ती म्हणाली. तिचा पाय इतका हलत होता की सगळा बाक थरथरत होता.

"नवा लिहितो ना मी—"

"तुम्ही नाही. मी लिहिणार. तुम्ही फक्त ऐकायचं."

बसणं तिला जमेना. सदाशिव पेठेच्या गल्लीत स्कूटर चुकवत ती चालत बोलू लागली आणि हा तिची बॅग सांभाळत मागे.

"साउंड इंजिनिअरिंगच का?" त्याने विचारलं.

"दहावीचा पेपर तोंडावर, आणि दारात बाबांच्याच बँडचा सराव. डोकं फिरलं. भोंग्याची वायर कापली मी!"

"मारलं?"

"नाही. हातात सोल्डरिंग गन दिली. म्हणाले, 'जोड आता.' जोडली. आवाज आला, पण… फाटका, खरखरीत. तो का फाटतो, हे मला तेव्हापासून हवंय."

सलिल जागच्या जागी थांबला. "हेच लिही. एक शब्द इकडेतिकडे करू नकोस."

"अहो-जाहो संपलं वाटतं?"

"वायर कापणाऱ्या मुलीला 'अहो' म्हटलं तरी माझा जीव वाचणार थोडाच आहे?"

ती हसली… आणि लगेच हसणं गिळून एका पायरीवर बसली. मोबाईलवर बोटं धावू लागली. ती खोडत होती, पुटपुटत होती, पुन्हा लिहीत होती. तो शेजारी बसला; सवयीने त्याने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

झाल्यावर तिने बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे बाबा खदखदून हसले. "बरोबर लिहिलं पोरी! पण तो भोंगा अजून खरखरते बरं. लवकर शिकून ये."

तिने निबंध पाठवला. पाय मात्र थांबेना.

"आता वाट बघायची," सलिल म्हणाला.

"तेच तर जमत नाही मला! … तुझा निबंध कुठंय? सगळ्यांचे लिहितोस."

"माझ्याकडे ना विहीर, ना बँड. कोण वाचणार?"

"एक वाक्य सांग. खरं."

त्याने चष्म्याकडे हात नेला. तिने तो हात धरून खाली आणला.

"आज एक मुलगी माझ्यावर ओरडली… आणि मला—"

तो अडखळला. पुढचे शब्द तिच्या जिभेवर आले होते. तिने ते ओठांतच अडवले. कुणाचं वाक्य कुणी पुरं करायचं नसतं, हे तिच्याइतकं आज कुणाला कळलं होतं? ती थांबली. पायसुद्धा थांबला.

"—मला वाटतंय, तिने उद्याही यावं. ओरडायलाच… पण यावं."

तिने हात सोडला नाही.

"येईन. बिस्कीट धरायला शिक तोवर."