ड्यूईच्या गाडीचा लॉग

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती, तर त्यात माझा दोष ठेवलाच नसता.

ऑक्टोबर २०१६. दुसरा शनिवार, दुपारचे साडेतीन. ओहायोतल्या लायमा गावाबाहेर आमचं गॅरेज आहे. गाड्यांची ताकद वाढवायची, हाच आमचा धंदा. मी नेडीन, ट्यूनिंग बघते. धाकटा भाऊ ड्यूई पाने चालवतो. म्हणजे चालवायचा.

त्याची लाल स्पोर्ट्स कार भंगाराच्या लिलावातली. समोरून चेपलेली, इंजिन मात्र ठणठणीत. आधीच्या मालकाचं काय झालं, हे लिलावात कोणी सांगत नाही. आमच्यातलं कोणी विचारतही नाही.

दोन हिवाळे खपून त्यानं ती उभी केली. नवा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. त्याची बायको कार्लीन म्हणायची, "एवढी माझी काळजी घेतली असतीस तर मीही चकाकले असते."

त्या शनिवारी गाडी पट्ट्यांनी बांधली, चाकं रोलरवर. गाडी जागेवरच राहते, इंजिनाची ताकद तेवढी मोजली जाते. ड्यूई स्टिअरिंगवर, मी लॅपटॉपसमोर. गाडीत बसवलेलं यंत्र वेग, ॲक्सिलरेटर, ब्रेक यांची दर सेकंदाची नोंद, म्हणजे लॉग, माझ्याकडे पाठवतं.

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. कानठळ्या बसल्या. पत्रे थरथरले.

आणि मग...

आवाज गेला.

चाकं गरगर फिरत होती. बाजूचा पंखा ऐकू येत होता. फक्त गाडीचा आवाज नव्हता.

चार सेकंद. मग पुन्हा तोच गडगडाट.

"चारशे बारा घोडे!" ड्यूई ओरडला. "बघितलंस ताई?"

"ते सोड. मध्येच ब्रेक का दाबलास?"

"मी? कशाला दाबू?"

"लॉगमध्ये आहे. चार सेकंद, ब्रेक शंभर टक्के."

"तुझा लॉग म्हणजे देवच की नाही!"

"माणूस थापा मारतो रे. लॉग नाही मारत."

हे मी गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे. इंजिन जाळून आणतात आणि म्हणतात, आम्ही हळूच चालवली. लॉग बघितला की खरं कळतं.

आवाजाचं काय? ड्यूईला तो गेल्याचं कळलंच नव्हतं. माझेच कान बधिर झाले असतील, असं मी धरलं. ब्रेकचा सेन्सर बदलला. पुढच्या दोन्ही फेऱ्या स्वच्छ आल्या.

तेव्हाच मी त्याला अडवायला हवं होतं.

"रस्त्यावर एक चक्कर मारून येतो. कार्लीनला सांग, जेवायला घरीच आहे," म्हणत तो निघाला. त्याचा फोन माझ्याकडे स्पीकरवर चालू होता. गाडीचा लॉग माझ्या लॅपटॉपवर येत होता.

मक्याची कापणी झालेली, शेतं मोकळी. दोन मैलांवरूनही सायलेन्सर ऐकू येत होता.

चार वाजून सतरा मिनिटांनी...

तो आवाज थांबला.

फोनमध्येही इंजिन नाही. वारा नाही. फक्त ड्यूईचा श्वास.

"ताई... गाडी थांबत नाहीये."

वेग ताशी ११८ मैल. ॲक्सिलरेटर शंभर.

"पाय काढ!"

"काढलाय!"

"मग ब्रेक दाब!"

"दाबतोय गं!"

मी स्क्रीनकडे बघितलं. ब्रेक... शून्य.

"नाही दाबलेलास! थापा मारू नकोस ड्यूई, दाब!"

"ताई, दोन्ही पायांनी दाब..."

एवढंच.

शेरीफ, म्हणजे इथले पोलीसप्रमुख, म्हणाले, रस्त्यावर ब्रेकची एकही खूण नाही. म्हणजे त्यानं थांबायचा प्रयत्नच केला नाही.

दफनानंतर कार्लीन माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. लोकांनी आणून दिलेलं जेवण तसंच पडलेलं. तिनं विचारलं, "नेडीन, त्याला माझ्याबरोबर जगायचं नव्हतं का?"

मी काय सांगणार? माझ्याकडे पुरावा म्हणजे तो लॉग. त्यात शून्य. जे मी कानांनी ऐकलं, त्यावर त्या क्षणी मीच विश्वास ठेवला नव्हता. माझ्या भावानं शेवटचं माझ्या तोंडून ऐकलं, ते मी त्याला खोटारडा म्हटलेलं.

गाडी भंगारात चिरडली गेली. लॉग पाठवणारं यंत्र आतच होतं. मी समोर उभी राहून बघितलं.

गेल्या गुरुवारी, भर दुपारी, कार्लीनला द्यायचे फोटो शोधायला तो जुना लॅपटॉप उघडला. ती फाइल दिसली. चार-सतराला संपलेली असायला हवी होती.

संपलेली नव्हती.

खाली ओळी होत्या. कोट्यवधी. आणि दर सेकंदाला एक नवी येत होती.

ॲक्सिलरेटर शून्य. ब्रेक शंभर.

ब्रेक शंभर.

ब्रेक शंभर.

वेग... ११८. एका मैलानंही उतरलेला नाही.

मी मोठ्यानं म्हटलं, "कळलं रे मला. तू दाबतोयस. सोड आता."

पुढची ओळ आली. ब्रेक शंभर.

कार्लीनला अजून सांगितलेलं नाही. तिला काय सांगू... की त्याला जगायचं होतं, आणि तो अजून थांबलेला नाही?

लॅपटॉप चालूच आहे. बंद करायला हात जातो आणि मागे येतो.