काठावरचं साल

११ नोव्हेंबर २००४, गुरुवार. सकाळपासून बारीक पाऊस, जमिनीला टेकताच गोठणारा. आयोवातल्या आमच्या रस्त्यांवर काच पसरल्यासारखं झालं होतं. दुपारी दोनला मी ऑर्विल स्कारच्या शेतघरी पोचले.

जुन्या गोधड्यांचं वय सांगणं हा माझा छंद. कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं चिटाचे तुकडे वहीत चिकटवून शिकले. हल्ली गिरण्या १८६०च्या दशकातल्या यादवी युद्धाच्या काळातले नमुने हुबेहूब पुन्हा छापतात, आणि भलेभले फसतात.

"ये, ये, चिंध्यांची डॉक्टरीण!" ऑर्विल हसला. "पणजीची गोधडी आहे. पणजोबा युद्धावर होते तेव्हाची. म्युझियमला द्यायचीय. तेवढा ती जुनी असल्याचा कागद लिहून दे."

"आधी नाडी तर बघू दे," मी म्हणाले.

तो लाकडं आणायला बाहेर गेला. त्याची दुसरी बायको जोडीन कॉफी ओतत होती. बाही वर सरकली तेव्हा मनगट काळंनिळं दिसलं.

"माळ्यावर पणजीच्या पेटीत मिळाली मला," ती कुजबुजली. "पेटी उघडली म्हणून परवा त्यानं… अर्लिस, त्याच्या मनासारखं लिहा ना. शनिवारी माझी बहीण मला न्यायला येतेय. त्याला ठाऊक नाही. तोवर जगायचंय मला."

मी मान डोलावली. मनापासून डोलावली होती.

तो परतला. टेबलावरची गोधडी मी चाचपली, जाड, आत कापूस भरलेली; मग पडदे ओढून जांभळ्या उजेडाचा दिवा लावला. निम्मे तुकडे नव्या कापडासारखे निळसर पांढरे चमकले. एवढ्यावर मी निकाल देत नाही. साबणानंही चमक येते. पण जुन्या तपकिरी रंगात लोखंड असे, ते शंभर वर्षांत कापड खाऊन टाकतं. इथे तपकिरी तुकडे कोवळ्या पानासारखे शाबूत होते. मागच्या एका शिवणीतून कापडाचा काठ डोकावत होता. गोधडी करणारी बाई काठ आधी कापून टाकते; तो आटतो, शिवण ओढतो. हा मुद्दाम ठेवलेला होता. त्यावर छपाईचं साल होतं.

आणि टाके… ते हात मी ओळखत होते.

तिथे गप्प बसायचं होतं. पण समोर चूक दिसली की माझी जीभ आवरत नाही.

"ही नक्कल आहे, ऑर्विल. कापड १९९८ चं आहे."

"काहीतरीच! मग शिवली कुणी, भुतानं?"

"कॉरीननं," मी म्हणाले. "चर्चच्या गोधडी मंडळात नऊ वर्षं ती माझ्या शेजारी बसायची. डावखुरी. तिचे टाके मी अंधारातही ओळखीन."

कॉरीन ही त्याची पहिली बायको. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात ती कुणाबरोबर तरी ॲरिझोनाला पळून गेली, असं त्यानंच गावभर सांगितलं होतं. कुणालाही तिचं पत्र आलं नाही.

"शक्य नाही," तो अगदी हळू म्हणाला. "अठ्ठ्याण्णवला ती कशी शिवेल? विहिरीवर फरशी मी स्वतः…"

 भट्टीत लाकूड तडकलं.

"तू पेटी उघडलीस," तो जोडीनकडे वळला. "तूच बाहेर काढलंस तिला."

त्यानं भट्टीजवळची लोखंडी सळई उचलली आणि तिच्या डोक्यात घातली. मी मध्ये पडले. दुसरा घाव माझ्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला वेदनेच्या आधी ऐकू आला. दिवा घरंगळला. रक्ताचा वास, सांडलेल्या कॉफीचा वास. केस धरून तो जोडीनला तळघराच्या दाराकडे फरफटत नेत होता, आणि ती ओरडतसुद्धा नव्हती.

"ऑर्विल… सोड तिला…"

जमिनीलगतच्या जांभळ्या उजेडात मला टेबलाची कड दिसत होती. गोधडी तिच्यावरून खाली सरकली. पडली नाही. सरकत गेली, चमकते तुकडे पुढे, काळे मागे. मग आवाज आला. ताणलेल्या कापडातून सुई आरपार जाते तो, आणि मागून ओढल्या जाणाऱ्या दोऱ्याचा. टच्… सर्र्… टच्… सर्र्. घाई नव्हती त्यात.

ऑर्विल एकदाच म्हणाला, "कॉरीन, नको." नंतर त्याच्या टाचा बराच वेळ फरशीवर आपटत राहिल्या.

मी धड हाताच्या आधारानं फोनपर्यंत सरपटत गेले.

जोडीनच्या डोक्याची जखम शिवावी लागली, ती वाचली. शनिवारी बहीण तिला घेऊन गेली. सोमवारी विहिरीतून कॉरीनची हाडं निघाली. शवविच्छेदनात ऑर्विलच्या घशातून आणि फुप्फुसांतून सव्वातीन पौंड कापूस निघाला.

शेरीफनी गोधडी तपासायला माझ्याकडे पाठवली. चारही कडा आणि प्रत्येक शिवण मी भिंगाखाली पाहिली. एकही टाका उसवलेला नाही. आत कापूस नाही.