बेलाखालचं अर्थिंग

उदगीरच्या संगमेशला बूस्टर बसवायला कुठं कुठं बोलावलं नव्हतं? पिठाच्या गिरणीत, दवाखान्यात, रसवंतीत, एकदा तर ऐन लग्नाच्या मांडवात. वीज कमी दाबाची आली की लोकांना देवाआधी संगमेश आठवायचा, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. पण चाकांवरच्या घरात बूस्टर बसवायचा म्हणजे काय, हे त्याला त्या दुपारी जळकोटच्या अलीकडे, बसलिंगप्पांच्या शेतात पोचल्यावरच कळलं.

गाडी म्हणजे खरंच अख्खं घर होतं. लांबुडकी, पांढरी मोटरहोम बांधालगत उभी. आत पलंग, ओटा, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदेसुद्धा. नांदेडला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सौदामिनी बिलोलीकर आणि त्यांचे यजमान हणमंतराव त्यातून देश बघायला निघाले होते. देश राहिला बाजूला, गाडीनं जळकोटलाच मान टाकली. बसलिंगप्पा हे हणमंतरावांचे जुने दोस्त. त्यांनी ट्रॅक्टर जोडून गाडी ओढत शेतात आणली. लातूरचा मेकॅनिक सुटा भाग घेऊन दुसऱ्या दिवशी येणार होता.

तोवर थांबायला कुणाची हरकत नव्हती, पण हणमंतरावांच्या फुप्फुसांची होती. ते पलंगावर पडून होते. नाकात नळी, आणि नळीच्या टोकाला प्राणवायूचं यंत्र. शेतातल्या विजेवर ते यंत्र जरा वेळ चालायचं, मग शिट्टी मारून बंद पडायचं. त्यात आदल्या दिवशी कुठंतरी वीज पडली, तारेतून जादा दाब आला आणि गाडीतला चार्जर जळून गेला. बॅटरीत उरलं होतं तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

"बसलिंगप्पा सिलिंडर आणायला गेलेत, त्यांचा फोन लागत नाही," सौदामिनीबाई म्हणाल्या. आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत होता, पण त्या पुन्हा पुन्हा बॅटरीचा आकडा बघत होत्या. "संध्याकाळपर्यंत बॅटरी संपेल. यंत्र बंद पडलं तर हे…"

"न्हाई पडत मॅडम. बूस्टर बसवतो, वर सर्ज प्रोटेक्टर बी टाकतो. वीज कमी आली तर बूस्टर उचलून धरंल, जादा आली तर प्रोटेक्टर ती जमिनीत सोडंल. तुम्ही काकांपाशी बसा."

बोलणं सोपं होतं. पण जादा वीज जमिनीत सोडायची, तर गाडीचा जमिनीशी काहीतरी संबंध पाहिजे, आणि गाडी उभी रबरी चाकांवर. म्हणजे अर्थिंग करणं आलं. तांब्याचा रॉड जमिनीत ठोकायचा, त्याला हिरवी वायर बांधायची आणि ती आत आणायची. पण वैशाखात काळी जमीन अशी कडक झाली होती, की रॉडच्या डोक्यावर घण घातला की रॉडच झणझणायचा. बांध झाला, गोठ्यामागची जागा झाली. रॉड काही आत जाईना.

आभाळ भरून आलं होतं. वारा पडलेला. भर दुपारी उजेड मळकट झालेला. घाम पुसत संगमेशनं इकडंतिकडं बघितलं, आणि त्याला ते बेलाचं झाड दिसलं. झाडाखालची माती गडद होती. हात लावला तर गार. नुसत्या हातानं दाबला तर रॉड आत जायला लागला. उकरून बघितलं तर मातीत पांढरे मिठाचे खडे, आणि त्यात करड्या राखेचा थर.

"वा रे पठ्ठ्या," तो मनात म्हणाला. ओल टिकावी म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घालतातच. विहिरीच्या मोटरीसाठी कुणीतरी आधीच सगळी तयारी करून ठेवली होती तर! त्यानं रॉड दाबला. शेवटची वीतभर तर दाबावंही लागलं नाही. रॉड आपसूक खाली सरकला. संगमेशनं हात काढून घेतला, घटकाभर बघत राहिला, मग वायर आवळायला लागला.

काम झालं. बूस्टर ओट्याखाली बसला, प्रोटेक्टरचा छोटा हिरवा दिवा लागला. खटका वर केला तसा बूस्टरवरचा आकडा सरळ दोनशेतीसवर जाऊन थांबला. संगमेशचं समाधान व्हायला पाहिजे होतं, पण तो जरा घोटाळला. ह्या भागातल्या विजेवर बूस्टर कधी गप्प बसत नाही, वीज खाली-वर होते तशी आतली रिले, ती आपोआप बदलणारी कळ, टकटक करत राहते. हा मात्र मुका झाल्यासारखा बसला होता.

यंत्र एका लयीत चालू झालं. हणमंतरावांच्या निळसर ओठांवर हळूहळू रंग आला. सौदामिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात वावटळ उठली. लांब कुठंतरी कडाडलं, विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर खाड्कन पडला आणि पलीकडे बसलिंगप्पांच्या घरातला पंखा फिरायचा थांबला. वीज गेली.

संगमेश यंत्राची शिट्टी ऐकायची वाट बघत राहिला. शिट्टी झालीच नाही. यंत्र चालूच होतं. आकडा दोनशेतीस.

"बॅटरीवर गेलं का?" बाईंनी विचारलं.

"बॅटरी तर मी सोडवून ठेवलीय…"

तो धावत घराकडं गेला. मीटरच्या फळीवरचे सगळे दिवे विझलेले. त्यानं गाडीची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून उपसून काढली आणि पिन हातात तशीच धरून गाडीत परत आला. आकडा दोनशेतीस. बाई कधी त्याच्या हातातल्या पिनेकडं बघत होत्या, कधी चालत्या यंत्राकडं. संगमेशला काही म्हणजे काही सुचेना. आपण दोन वायरी अदलाबदल केल्या का? कुठं सोलर आहे का? तो टपावर चढून बघून आला. काही नव्हतं. आता बाहेरून आत येणारी एकच वायर उरली होती. हिरवी. त्यानं तिच्यावर टेस्टर टेकवला.

टेस्टर पेटला.

आणि मग रिले वाजली. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. आकडा हळूच खाली आला, हळूच वर गेला. संगमेशचं लक्ष पलंगाकडं गेलं. हणमंतरावांची छाती त्याच तालावर खाली-वर होत होती. गाडीत कापरासारखा, भिजल्या मातीसारखा वास भरला होता.

दानम्मा, बसलिंगप्पांची बायको, चहाची किटली घेऊन दारात आली. तिची नजर वायरीवरून सरकत सरकत बाहेर बेलापर्यंत गेली.

"ही कुठं नेलीस रे लेकरा?" तिनं हळू विचारलं.

"अर्थिंग हाय काकू. ते मोटरीसाठी मीठ टाकलेलं…"

"मोटरीसाठी न्हाई. आमच्या अव्वाला, माझ्या सासूला बसवलंय तिथं. शांतम्माला. गेल्या श्रावणात." ती दाराला धरून उभी राहिली. "दगड तेवढा लावायचा राहिलाय."

संगमेशनं हातातला टेस्टर खाली ठेवला. दुसऱ्या कुणाची ही चूक एक वेळ समजून घेता आली असती, पण तो स्वतः लिंगायत. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि भोवती मीठ आणि विभूती भरतात. आजोबांच्या खड्ड्यात त्यानं स्वतः मूठभर विभूती टाकली होती. आणि त्याच माणसानं मीठ आणि राख बघून शाबासकी दिली होती.

"काढतो… आत्ता काढतो," तो म्हणाला.

"थांबा," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"मॅडम, जमिनीतून वीज येत न्हाई."

"मला सांगता? जन्मभर मी मुलांना हेच शिकवलं." त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. "वायर काढलीत तर यंत्र चालेल?"

संगमेशनं नकारार्थी मान हलवली.

"मग राहू दे. कुठून का येत असेना. राहू दे म्हणते ना मी!"

दानम्मा गाडीच्या पायरीवर टेकली. "बाई, अव्वा लई हट्टी होती. तिलाबी दमाच होता. शेवटाला एकच म्हणायची, मला श्रीशैलला न्या, इथं बसवू नका. न्यायचं ऱ्हाऊन गेलं…" ती थांबली. "आन् कुणाला वाटीभर पीठ दिलं, तर वाटी परत आणायला ती स्वतः जायची. दिलेलं तसंच सोडायची न्हाई."

बाईंनी ऐकलं, पण हात कपाळावरून काढला नाही.

दिवस कलता कलता बसलिंगप्पा सिलिंडर घेऊन आले. मागोमाग वीजही आली. संगमेशनं डोळे मिटून हिरवी वायर तोडली. काहीच झालं नाही. यंत्र साध्या विजेवर चालत राहिलं, रिले नेहमीसारखी टकटकायला लागली. बूस्टर तसाच ठेवून तो उदगीरला निघून गेला. रॉड उपसायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन निघून गेल्याचं त्याला कळलं, आणि त्यानं सुटकेचा श्वास टाकला.

पण रॉड त्याच्या मनात रुतून बसला होता. शेवटी त्यानं विभूतीची पुडी घेतली आणि एका सकाळी तो शेतात गेला. दानम्मा त्याच्यासोबत बेलापर्यंत आली. त्यानं माफी मागून रॉड ओढला. रॉड लगेच हातात आला. मातीत बोटभर रुंदीचं भोक राहिलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात मातीनं भरलेले, म्हणून त्यानं स्पीकर लावला. सौदामिनीबाई होत्या.

"संगमेश, एक विचारायचं होतं. ती हिरवी वायर तुम्ही नक्की काढली होती ना?"

"हाव मॅडम. मीच तोडली. का? काका बरे हायत का?"

"बरे… हो, बरेच म्हणायचे. यंत्र लागतच नाही आता. पण आडवे होत नाहीत. पलंगावर मांडी घालून बसून असतात, झोपतातही तसेच. सकाळी चादरीवर मीठ असतं, मी झटकून टाकते." मागून गाडीचा आवाज येत होता. "आम्ही नांदेडला परत जाणार होतो, ड्रायव्हरही घेतला होता. पण हे ऐकेनात. श्रीशैलला चल म्हणतात. आमचं ठरलंच नव्हतं हो तिकडं…"

दानम्मानं सगळं ऐकलं होतं. ती फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बाई, त्यांची डावी मूठ उघडी हाय का मिटलेली?"

बाई उठून पलंगाकडं गेल्याचा आवाज आला.

"मिटलेली," बाई म्हणाल्या. "उघडतच नाही. तुम्हाला कसं…" आणि फोन तुटला.

दानम्मानं पदर सावरून दक्षिणेकडं हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कितीतरी दिवसांचं घरातलं राहून गेलेलं काम कुणीतरी केल्यासारखी ती निवांत दिसत होती.

"पोचंल आता अव्वा," ती म्हणाली.

"आन् काका?" संगमेशनं विचारलं. "काकू, तिथं गाडीत अव्वा बसली असंल… तर मंग काका कुठं हायत?"

दानम्मा घराकडं वळली.

संगमेश विभूतीची पुडी सोडायला खाली वाकला, आणि तसाच थांबला. सकाळची वेळ, पानही हलत नव्हतं. रॉडच्या भोकाच्या काठावरचे मिठाचे बारीक कण आत ओढले जात होते, मग बाहेर ढकलले जात होते. आत, पुन्हा बाहेर. आणि अगदी बारीक, नळीतून हवा यावी तसा आवाज येत होता.