आईनं न्हानला काय दिलं

आईचा हात न्हानच्या पोटावर होता, आणि चुलीवरचा भात करपत होता... तरी त्याकडे लक्ष कुणाचं होतं! कुंड्यांची होडी मागच्या दाराशी बांधून आलेली स्वेन उंबऱ्यातच थबकली. धाकट्या बहिणीचं पोट सैल सदऱ्यातूनही दिसू लागलं होतं, आणि आईच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जे स्वेननं स्वतःसाठी कधी पाहिलंच नव्हतं.

मूल होत नाही म्हणून स्वेनचा संसार मोडला होता, आणि ती व्हिएतनाममधल्या सा देक गावी, माहेरच्या फुलमळ्यात परतली होती. पाण्यावर उभारलेल्या बांबूच्या माचांवरच्या कुंड्यांतली शेवंती ती होडीतून फिरून एकटीच शिंपायची. न्हानचा नवरा वाळू वाहणाऱ्या बोटीवर कामाला, महिनोन्‌महिने बाहेर. म्हणून तीही इथेच. पण न्हान दुपार झाली की टांगलेल्या झोळीत आडवी. नावाचा अर्थच निवांत! आई म्हणायची, झोपू दे, नाजूक आहे. स्वेनच्या काळजात तेव्हा निखारा फुलायचा... आईनं हिला असं काय दिलं, जे मला दिलं नाही?

आता तर सगळंच तिचं. न्हानची पाळी थांबली होती, पाय सुजले होते, आणि गावच्या सुईणीनं नाडी धरून गोड बातमीही सांगून टाकली होती.

"दोघांचं खातेस ना आता?" स्वेन म्हणाली. "मग कामही दोघांचं कर."

न्हान कसनुसं हसली आणि कुंडी उचलायला वाकली. खरं तर तिला दोन घाससुद्धा जात नव्हते.

एका दुपारी होडीत ऊन तिच्या तोंडावर आलं आणि स्वेनला दिसलं, बहिणीच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. सांगावं का? आई म्हणेल, दृष्ट लावतेस. तिनं ओठ मिटून घेतले. चार दिवसांनी न्हान त्याच होडीत भोवळ येऊन पडली, तेव्हा स्वेननंच तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मागोमाग आईही धावत आली.

डॉक्टरीणबाईंनी न्हानचे लालभडक तळवे पाहिले, मानेवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा पाहिल्या, तिला कुशीवर वळवून पोटावर बोटांनी ठोकून पाहिलं. मग सोनोग्राफी केली. पडद्याकडे तिघीही आसुसून बघत होत्या.

"बाळ नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पाणी साठलंय."

लिव्हर आक्रसलं होतं, कारल्यासारखं खडबडीत झालं होतं. रक्तात ब प्रकारच्या काविळीचा विषाणू निघाला. तो जन्मापासून अंगात असावा, बाईंनी समजावलं. काही दुखत नाही, खुपत नाही, नुसता थकवा येतो, आणि आत व्रणावर व्रण चढत जातात. मग त्यांनी घरच्यांचंही रक्त तपासलं. आईच्या रक्तात तो होता. स्वेनच्या नव्हता, तिच्या जन्मानंतर कधीतरी आईला लागण झाली असणार.

"म्हणजे मीच दिलं पोरीला..." आई भिंतीला टेकून खाली बसली.

उभ्या जन्माच्या प्रश्नाचं उत्तर स्वेनला मिळालं होतं. तरीही मन किती पापी! आपण निरोगी आहोत हे ऐकून आईनं आपल्याकडे वळूनही पाहिलं नाही, एवढंच त्या क्षणी तिला डाचलं.

पोटातलं पाणी सुईनं काढल्यावर न्हान जरा हुशारली. तिनं स्वेनचा हात ओढून घेतला.

"ताई, पहिलं मूल तुझ्या ओटीत घालायचं ठरवलं होतं मी. यांनाही विचारलं होतं. आईला सांगितलं तर ती इतकी हसली... म्हणाली, माझ्या थोरलीचं घर भरेल. तेसुद्धा जमलं नाही गं मला."

बहिणीच्या सुजलेल्या पावलांवर डोकं टेकून स्वेन हुंदके देत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. त्यांनी विषाणू दबेल, कदाचित लिव्हर सावरेलही. नाहीच सावरलं, तर निरोगी नातलगाच्या लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल.

"माझं जुळतं का, आजच बघा," स्वेन म्हणाली.

आई ताडकन उठली आणि तिनं स्वेनचं मनगट घट्ट धरलं.

"नाही. हिला कापायला मी देणार नाही. एकीला मी आजार दिला, आता दुसरीलाही पणाला लावू? ही राबली म्हणून घर उभं आहे... हिला कुणी हात लावायचा नाही."

स्वेन आईकडे पाहतच राहिली. ते सुरकुतलेले डोळे आज तिच्यासाठी भरून आले होते, केवळ तिच्यासाठी! हे एवढंच तर तिला हवं होतं... आणि ते मिळाल्यावर बहिणीपासून राखून ठेवावं असं तिच्याजवळ काहीच उरलं नाही.

"आई, सोड," ती म्हणाली.

आईनं मनगट सोडलं नाही. म्हणून स्वेननं दुसऱ्या हाताची बाही वर सारली आणि तो रक्त घ्यायला आलेल्या नर्सपुढे धरला.