नुसत्या नावाची शीळ

ऊन कललं तशी असिमिनाने अंजिरांची टोपली अंगणाच्या कठड्यावर ठेवली आणि एकेक अंजीर दोन बोटांनी फाडून चटईवर पसरायला सुरुवात केली. शेजारी नात रिनिओ ओठ आवळून फुंकत होती. नुसतीच हवा येत होती.

"जीभ मागे घे," असिमिना म्हणाली. "आणखी मागे. गरम दूध जपून पितेस ना, तशी."

ग्रीसमधल्या एव्हिया बेटाच्या त्या डोंगराळ टोकाला माणसं दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाशी शिळेनेच बोलत. हाक पलीकडे पोचत नसे, शीळ पोचे. शेळ्या सुटल्या, पाव भाजून झाला, अमकीला मुलगा झाला, तमका गेला, सगळं शिळेतून. गावातल्या कितीतरी मुलांना ही बोली असिमिनाने शिकवली होती. दात पडले तशी तिची स्वतःची शीळ गेली. कवळी लावून ती जमेना. पण शिकवायला दात कशाला लागतात, असं ती म्हणे.

"आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव," ती पोरीला सांगत होती, "मग निरोप. निरोप नसला, नुसतं नावच असलं, तर त्याचा अर्थ 'ये'. म्हणून नाव घेऊन मध्येच थांबायचं नाही. दम पुरणार नसेल तर सुरूच करायचं नाही."

"आजोबांना वाचवलंस तेव्हा तुझा दम पुरला होता?"

दारात खुर्ची टाकून पेंगणाऱ्या लॅम्ब्रोसने एक डोळा उघडला. "पुरला तर. पण शीळ काय ती. बोळक्या म्हातारीसारखी फुसफुसत आली. मी म्हटलं, घाबरून हिची दातखीळ बसली असणार."

"ती मी नव्हतेच," असिमिना म्हणाली.

"बघ, साठ वर्षं हेच चाललंय हिचं. अगं, तुझी शीळ मला ओळखू येणार नाही? बायकोची शीळ न ओळखणारा नवरा उपाशी मरतो."

"तेव्हा मी तुझी बायको नव्हते."

"म्हणूनच तर उपाशी होतो," म्हणून लॅम्ब्रोसने डोळा पुन्हा मिटला.

गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक गावात तळ देऊन होते. लॅम्ब्रोस समोरच्या डोंगरावर लढणाऱ्यांमध्ये सामील झाला होता, आणि त्याच्याबरोबर असिमिनाचा पाठचा भाऊ आर्गिरिसही. एका संध्याकाळी दोघं पाव न्यायला खाली उतरत होते. आर्गिरिस पुढे, बराच खाली, लॅम्ब्रोस मागे. ओढ्यावरच्या गिरणीत सैनिक दबा धरून बसले होते. तेवढ्यात गावाच्या बाजूने शीळ आली. लॅम्ब्रोस, येऊ नकोस, वर जा. लॅम्ब्रोस वर पळाला. आर्गिरिस ओढ्यापाशी मारला गेला. "त्याला ऐकूच गेलं नसेल," एवढंच लॅम्ब्रोस सांगे, आणि सांगताना दुसरीकडे बघे.

त्या संध्याकाळी गावातल्या साऱ्या बायका चर्चमध्ये कोंडलेल्या होत्या. असिमिनाही त्यांच्यात होती. खिडकीत बंदूक घेतलेला शिपाई उभा होता. शीळ सोडा, श्वासही ती जपून घेत होती. "आणि मी असते," ती विचारी, "तर माझ्या भावाचं नाव आधी घेतलं नसतं?"

लॅम्ब्रोसशी तिचं लग्न झालं, चार मुलं झाली, त्या मुलांना मुलं झाली. तो तिला कधी वावगा शब्द बोलला नाही. हिवाळ्यात अंथरुणातली तिची बाजू आधी उबदार करून मग तो स्वतःच्या बाजूला सरके. पण असिमिनाच्या मनातला काटा निघाला नाही. ती शीळ दुसऱ्या कोणा बाईची असेल, तर हे सगळं प्रेम त्या दुसरीचं; आपल्या पदरात ते चुकून पडलं. गावातली एखादी म्हातारी गेली की असिमिना शवपेटीशी वाकून तिच्या ओठांकडे बघत राही. ही असेल का?

सूर्य समोरच्या डोंगराला टेकला. रातकिडे एकदम गप्प झाले. शेळ्यांच्या घंटाही थांबल्या. मग खालून, ओढ्याच्या बाजूने, लाकडी चाक पाण्यात फिरू लागल्याचा आवाज आला आणि ताज्या दळणाचा गरम वास वर चढला.

असिमिनाचा हात अंजिरावरच थांबला. गिरणी सैनिकांनी जाता जाता जाळली होती. तिथे आता चार दगड होते आणि एक रानटी डाळिंब.

"आजी," रिनिओ म्हणाली, "पलीकडून कोण बोलतंय?"

शीळ स्वच्छ आली. असिमिना, वाट मोकळी आहे? खाली येऊ? शेवटचा सूर किंचित वर उडवलेला. असा सूर सगळ्या गावात एकटा लॅम्ब्रोस उडवी, तोही तरुणपणी.

तिने वळून पाहिलं. लॅम्ब्रोस खुर्चीत झोपला होता. तोंड उघडं, हात पोटावर.

"रिनिओ, आत जा," ती म्हणाली. "आत्ता."

पोरगी गेली. असिमिना कठड्याशी आली. ओढ्याकाठी, जिथे चार दगड असायचे तिथे, एक उभी भिंत होती. भिंतीआड काहीतरी धातूचं मावळत्या उन्हात लकाकलं आणि विझलं.

तिने विचार केला नाही. कवळी काढून अंजिरांच्या टोपलीत टाकली, जीभ मागे घेतली, बोट वाकवून ओठांत धरलं.

लॅम्ब्रोस. येऊ नकोस. वर जा.

शीळ फुसफुसत निघाली, फाटकी, ओली. पण दरीने ती उचलली आणि नेली. पलीकडच्या उतारावर दगड घरंगळले. कोणाची तरी पावलं वर, आणखी वर पळत गेली.

असिमिनाने कठडा घट्ट धरला. म्हणजे मीच, ती मनात म्हणाली. दुसरी कोणी नव्हतीच. पहिल्यापासून मीच. डोंगर, दरी, आभाळ तिला एवढं मोठं कधी दिसलं नव्हतं.

मग तिला भाऊ आठवला.

तिने छाती भरून श्वास घेतला.

आर्गिरिस.

नाव नीट गेलं. पुढे छातीत कळ आली, खोकला आला, आणि दम संपला.

खालून, ओढ्याच्या अगदी जवळून, लगेच उत्तर आलं. पोरकट, खुशीतली, आखूड शीळ.

आलो, ताई.

तिने पुन्हा फुंकलं. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं.

मागे अनवाणी पावलं वाजली. लॅम्ब्रोस तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता.

"त्या संध्याकाळीही तो हेच म्हणाला होता," तो म्हणाला. "दोन्ही नावं मी ऐकली होती. तुला एकच सांगितलं."

त्याने आपले दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवले आणि घट्ट दाबून धरले. त्याचे स्वतःचे कान उघडेच होते. तिच्या डोक्यावरून तो दरीत बघत, वाट पाहत उभा राहिला.